निळ्या चकत्या

चंद्रकांताने लिफाफ्याची कड कात्रीने कापली आणि आतली एक्स-रे फिल्म प्रयोगशाळेच्या खिडकीच्या उजेडात धरली. आतल्या बाजूला बारीक, ठळक कडी. बाहेर एक पसरट, धूसर कडं. जमलं होतं.

तुमसरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता सहा वर्षं ती याच्याच मागे होती. मध्यभागी तांब्याचा एकच अणू असलेला, चकतीसारखा निळा रेणू. कडेला लांब शेपट्या. तापवला की तो धड वितळत नसे, धड घट्टही राहत नसे. त्या मऊ लगद्यात चकत्या आपल्या आपण थाळ्यांसारख्या एकावर एक चढतात, असं तिचं म्हणणं. त्याचा पुरावा देणारं एक्स-रे यंत्र दूरच्या संस्थेत होतं आणि तिथे ओळख होती ती नागपूरच्या लक्ष्मणराव सरांची, तिच्या जुन्या मार्गदर्शकांची. नमुना त्यांच्यामार्फतच गेला होता.

फिल्मसोबत सरांचं पत्र होतं. फिल्म गेल्या आषाढातच त्यांच्याकडे आली होती. घरच्या आजारपणात खणातच राहून गेली. दरम्यान परदेशातल्या एका गटाने हाच रेणू, हीच रचना शोधून छापली. 'आता तुझा निबंध छापायला पाठवण्यात अर्थ नाही. मला क्षमा कर.' खाली तारीख, मार्च १९८३.

तिने पत्र दोनदा वाचलं. मग एक चंचुपात्र विसळायला घेतलं. ते धुतलेलंच होतं.

"मॅडम, कुलूप लावू का?" शिपाई बाबूलाल दारातून म्हणाला.

"लावा."

उन्हं कलताना ती चिखल्याला घरी पोचली. तीस वर्षं मँगनीजच्या खाणीत उतरलेले तिचे वडील, सुखराम, ओट्यावर वाट पाहत होते. पोरीचं नाव छापून येणार, हे त्यांनी साऱ्या वसाहतीत सांगून ठेवलं होतं.

"आला का वो बाई, तुवा कागद?"

"आला, बाबा."

"मंग, जमलं?"

"जमलं."

त्यांनी फिल्म उलटी धरून सूर्याकडे केली.

"यात तुवं नाव कुठं हाय?"

कोपऱ्यात नमुन्याचा क्रमांक इंग्रजीत खरवडलेला होता: सी-१७. सी म्हणजे कॉपर. चंद्रकांताने त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"हे काय. चंद्रकांताचं पयलं अक्षर."

सुखरामांनी डोळे बारीक केले.

"लयच बारीक लिवलं. पुढच्या बारीले मोठं लिवा म्हणा त्याईले."

"सांगीन."

फिल्म दोन्ही हातांनी धरून ते पायरी उतरले.

"भैय्यालाल, ये बा इकडं! पोरीचं नाव आलं."

शेजारचं दार उघडलं. चंद्रकांताने पदर सारखा केला आणि चेहऱ्यावर हसू आणलं.