फळीला तेल

डालड्याच्या जुन्या डब्यात काहीतरी काळपट, खवट.

ऐंशी नंबरचा सॅन्डपेपर, निम्मा झिजलेला.

"माणसाच्या केसांना मिळत नाही ड्रायर. फळीला मिळतो!"

वारा वायव्येचा. दुपारनंतर.

सोमवारी रात्रीची मुंबईची गाडी. खिडकीची सीट. अजून रद्द केलेली नाही.

हे सगळं एका दोरीत ओवायचं तर शुक्रवारपासून सुरुवात करायला हवी. नाही, बुधवारपासून. बुधवारी योगिनीचा काइटबोर्ड रत्नागिरीच्या 'पांढरा समुद्र' किनाऱ्यावरच्या बंधाऱ्यावर आपटला. वर आभाळात पतंग ओढतो आणि खाली पायांत अडकवलेल्या फळीवरून माणूस लाटा कापत जातो, असा तो खेळ. पतंग शाबूत राहिला, योगिनी शाबूत राहिली, फळीचं एक टोक मात्र फुटलं. वरचं फायबर सोललं आणि आतलं लाकूड उघडं पडलं.

एरवी तिनं खांदे उडवले असते. पण भाट्याच्या किनाऱ्यावर स्वरूप नावाचा एक जण या खेळाची शाळा काढत होता. त्याला शिकवायला माणूस हवं होतं. चाचणी रविवारी, बोर्ड ज्याचा त्यानं आणायचा. जमलं तर योगिनी रत्नागिरीत राहणार. नाही जमलं तर सोमवारची गाडी आणि अंधेरीतलं ते ऑफिस, जिथल्या खिडक्या उघडतच नाहीत.

तर, दुरुस्ती. घरीच. दुसरीकडे कुठे होणार? गावात फायबरच्या होड्या बनवणारे आहेत, पण ते म्हणाले, होळीनंतर बघू.

गुरुवारभर तिनं लाकडाला ड्रायरनं वारा घातला. मथुराबाई, म्हणजे आई, जाता-येता टोमणे मारत होत्या. शुक्रवारी सकाळी घासून झालं. दुपारी ती इपॉक्सीचा गोंद घट्ट करणारा हार्डनर आणायला बाजारात गेली. परत आली तर लाकूड जरा काळसर दिसलं.

ओल राहिली असणार, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा ड्रायर लावला. चांगला गरम, चांगला वेळ.

(ही चूक नंबर दोन. नंबर एक कुणाची, ते येईलच.)

नाकाला मास्क होता. शिवाय अंगणात बांगडे वाळत होते, त्यामुळे वासाचं काही कळायला मार्ग नव्हता. तिनं इपॉक्सी कालवलं, फायबरचं कापड बसवलं, बुडबुडे काढले. काम इतकं सुरेख झालं की तिनं फोटो काढला.

शनिवारी सकाळी तिनं कडेला नख लावलं. नुसतं नख. अख्खा तुकडा पापडासारखा हातात आला. खालचं लाकूड तुळतुळीत, आणि मास्क नसल्यामुळे आता वासही आला.

"बाबा! या लाकडाला काय लावलंत?"

आत्माराम ओटीवर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "मुशी माशाचं तेल. होडी उतरवताना लावतात ना, तसं. पाणी नाय शिरत गो."

"अहो, तेलावर इपॉक्सी धरत नाही!"

"पाणीही नाय धरणार मग."

"ही होडी नाही, बाबा!"

"लाकूड आहे की नाय?"

लाकूड होतं. योगिनीला आणखीनच राग आला.

"काल दुपारी हे गुणगुणत होते," आई आतून म्हणाल्या. "तेव्हाच मला शंका आली, काहीतरी करून बसलेत म्हणून."

थिनरनं पुसलं. घासलं. पुसलं. घासलं, तेल आणखी आत. ड्रायरच्या उबेनं ते पार मुरलं होतं. बाबा एका हातात साबणाचा चुरा आणि दुसऱ्या हातात चुलीतली राख घेऊन आले.

"हे लावून बघ."

"तुम्ही जा हो इथून. काही म्हणजे काही लावू नका."

ते गेले. ती सॅन्डपेपर भिंतीवर फेकून तिथंच बसली. मग उठली आणि पडवीतून करवत घेऊन आली.

मुरलेलं टोक कापून टाकताना तिला काही वाटलं नाही. पण या बोर्डाची दोन्ही टोकं सारखी लागतात. दुसरं टोक चांगलं होतं, तिथं एक ओरखडासुद्धा नव्हता. तिथं तिनं पेन्सिलीनं रेघ मारली, करवत टेकवली आणि थांबली. फळी हलत होती. मागून कुणीतरी फळीवर पाय दाबून धरला. योगिनीनं वर पाहिलं नाही. कापलं. फिन्ससाठी, म्हणजे फळीखालच्या छोट्या पात्यांसाठी, नवी भोकं पाडली. कापलेल्या कडांना इपॉक्सी लावलं. इथं ते धरलं.

भुसा लोटताना बाबा म्हणाले, "हलकी झाली आता."

"बुटकी झाली," ती म्हणाली.

बुटक्या बोर्डाला वारा जास्त लागतो. रविवारी दुपारी वारा होता, पण कंजूष. स्वरूपनं फळी उलटीसुलटी करून पाहिली.

"ही कुणाची? भाचीची?"

"माझी."

"आणि हा वास?"

"दुपारी मासे खाल्ले."

पहिल्यांदा ती कमरेपर्यंत बुडाली. दुसऱ्यांदा छातीपर्यंत. तिसऱ्यांदा खारं पाणी नाकात गेलं आणि तिनं बाबांना, वाऱ्याला, सगळ्या मुशींना मनातल्या मनात शिव्या घातल्या. सुरूच्या झाडांखाली बाबा उभे होते, लुंगी वर खोचून. चौथ्यांदा वारा भरला. फळी उचलली गेली. योगिनी खाडीच्या तोंडापर्यंत गेली, वळली, परत आली.

"उद्या फोन करतो," स्वरूप म्हणाला.

"उद्या रात्री माझी गाडी आहे."

"रद्द कर की."

"म्हणजे काम दिलंस?"

"म्हणजे उद्या फोन करतो."

ती फळी ओढत झाडांखाली आली.

"पाणी शिरलं?" बाबांनी विचारलं.

"शिरायला तो भाग राहिलाय कुठे!"

योगिनी वाळूत बसली आणि मोबाईल काढला. ओला अंगठा उमटेना. शर्टाला पुसला, तोही ओला. बाबांनी लुंगीचं कोरडं टोक पुढं केलं. तिनं अंगठा पुसला आणि सीट रद्द केली.

बाबांनी होडी विकली तेव्हा योगिनी चौथीत होती. होडीबरोबर जाळी, नांगर, वल्ही सगळं गेलं, तेलाचा तो डालड्याचा डबा तेवढा त्यांनी दिला नाही.