हिरव्या जीपचा भरलेला काटा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लागत होती, आणि त्याच वेळी पंचायत समितीच्या आवारात सरकारी जीपचे मडगार्ड तुपानं चोळले जात होते. हुकूम सभापतींचा होता. समिती नवी, राज्यही नवं, आणि अर्जुनराव सभापती होऊन पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. बैल त्यांच्या घरी आठ होते. पण बैल कुणाच्याही घरी असतात, जीप तालुक्यात एकच. लढाईतून उरलेली, लिलावातून आलेली, म्हातारी, पण जीप.

"माहा बैल आता हाच," सभापती आठवडाभर आधीच म्हणाले होते. "बैल रंगवतेत तशी हे जीप रंगवा. आतून-बाहेरून. एक बोट जागा सुटली नाई पाह्यजे."

रंगवायला आला शालिग्राम. बैलांची शिंगं आणि बैलबंड्यांची चाकं रंगवण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्यानं 'आतून-बाहेरून' हे शब्द मनावर घेतले. सीट काढली. सीटखालची पेट्रोलची टाकी काढली. ती उलटीसुलटी करून हिरव्या तेलरंगाचे दोन हात दिले, टाकी बसायची जागाही रंगवली, बोल्टांनाही न्हाऊ घातलं, आणि वाळल्यावर सगळं जिथल्या तिथं बसवून दिलं. समोर कोयरी काढली. आरशाला गोंडा बांधला.

पोळ्याच्या दिवशी ड्रायव्हर जानरावनं किल्ली फिरवली, आणि पेट्रोलचा काटा उठला तो थेट शेवटच्या रेघेला टेकला. तिथून हलेना.

"पाह्य!" सभापती हरखले. "रंग देल्याबरोबर गाडीचं पोट भरलं!"

"पोट नाई भरलं, साहेब," जानराव म्हणाला. "काटा बिघडला."

सणाच्या दिवशी असं बोलावं का? सभापतींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि गोंडा सरळ केला.

जानराव लढाईच्या काळात फौजेत गाड्या हाकून आलेला माणूस. उंच, सावळा, बोलायला कमी. समितीच्या मागं टिनाच्या छपराची एक खोली त्याला मिळाली होती. तिथं तो आणि त्याची बायको रुख्मिणी राहत. नोकरी होती तोवर खोली होती. खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली फौजेचा पट्टा, आणि कोपऱ्यात जातं. पहाटे त्या जात्यावर रुख्मिणी ओव्या जोडायची. जुन्या नव्हे, रोजच्या ताज्या, पिठासारख्या.

जानरावचा भरवसा काट्यावर कधीच नव्हता. त्याचा भरवसा होता पऱ्हाटीच्या काडीवर. कपाशीचं वाळलं झाड सोलून, हातभर सरळ काडी तासून, तिच्यावर त्यानं चाकूनं खाचा पाडल्या होत्या. टाकीत बुडवायची, बाहेर काढायची, ओल कुठवर आली ते पाहायचं. काडी कधी खोटं बोलली नव्हती, कारण तिला कुणाची मर्जी सांभाळायची नव्हती.

पण एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब आले असताना जानरावनं सगळ्यांच्या देखत टाकीत काडी घातली, आणि सभापतींच्या कपाळाची शीर उठली.

"काऊन बे, चुलीत घालाची काडी सरकारी गाडीत घालतं? इज्जत हाय का नाई? समोर काटा कायले देला?"

तेव्हापासून काडी बंद. आणि पोळ्यापासून काटा भरलेला. पेट्रोलच्या चिठ्ठीवर सही करायचे ते समितीचे बीडीओ साहेब, पुण्याकडचे, कडक इस्त्रीचे. जानराव चिठ्ठी मागायला गेला की ते खिडकीतून जीपमध्ये डोकावत आणि म्हणत, "काटा पूर्ण आहे. वर आणखी कशात ओतणार?"

"साहेब, आत थेंबभर हाय."

"जानराव, यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

आठव्या दिवशी जळगाव जामोदच्या पुढं, काळ्या मातीच्या रस्त्यात, दोन्ही बाजूंनी फुललेल्या कपाशीच्या मधोमध जीप दोनदा खोकली आणि गप्प झाली. मागं सभापती, रेशमी फेटा, हातात भाषण. त्यांचा मेहुणा रंगराव बाजूला. हा रंगराव गेले सहा महिने जीप शिकत होता, म्हणजे हॉर्न शिकून झाला होता.

"काय झालं बे?"

"पेट्रोल सरलं, साहेब."

सभापतींनी वाकून काटा पाहिला. काटा ताठ, नवरदेवासारखा.

"काटा काय म्हणते?"

"काटा काईबी म्हणते, साहेब. गाडी काय म्हणते ते पाहा."

"मंजे सरकारचा काटा खोटा, आन तू खरा?"

जानराव खाली उतरला. कुणाची तरी सायकल मागून तो जळगावला गेला, डबाभर पेट्रोल घेऊन आला, ओतलं. जीप सुरू झाली. आता तरी पटेल असं त्याला वाटलं. पण बीडीओ साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि टाचणी टोचावी तसं विचारलं, "ओतण्याआधी काटा कुठं होता?"

"भरलेला."

"आणि ओतल्यावर?"

"भरलेलाच."

"म्हणजे तुमच्या डब्यानं काही फरक पडला नाही. गाडी दुसऱ्याच कारणानं बंद पडली. तुम्हाला हाकता येत नाही."

या हिशोबापुढं कुणाचं काय चालणार? येत्या सोमवारच्या सभेसाठी विषय ठेवला गेला: जानरावला कमी करावं, रंगरावला घ्यावं. खोलीही रिकामी करावी.

रविवारी पहाटे रुख्मिणी दळत होती. नवरा रात्रभर कूस बदलत होता हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याच्याकडे न पाहता ओवी सोडली:

*जीप माही हिरवीगार, काटा उभा डौलात,*
*पोटी नाई थेंब बाई, नाव मोठं गावात.*

जानराव उठून बसला आणि कितीक दिवसांनी हसला. "सभापतीले ऐकव जो हे."

"त्याईले कायले? तुमी त्या काट्याचं पोट फाडून पाहा ना. फौजेत काय नुसते सॅलूटच मारले?"

तो जीपपाशी गेला. काट्यामागची तार सोडली, गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवली. काटा धाडकन खाली पडला. तार उचलली, काटा पुन्हा वर. म्हणजे काट्याचा दोष नव्हता, तारेचाही नव्हता. मग त्यानं सीट उचलली. टाकी तिच्या जागेवर हिरवीगार, शिंगासारखी चकाकत बसली होती. त्यानं टाकीला नख लावलं, आणि त्याच्या ध्यानात आलं.

रुख्मिणी चहा घेऊन आली. "काय झालं?"

"वीज कशी असते, पाह्य. तारेतून टाकीवर जाते. पण तिले परतबी यावं लागते, टाकीच्या लोखंडातून गाडीच्या लोखंडात. ते दोन्ही एकमेकाले टेकले पाह्यजेत. शालिग्रामनं मधात रंगाच्या दोन परती घातल्या. आता वीज काई परतून नाई येऊन राह्यली. अन् परतली नाई का काटा वर जाऊन बसते."

रुख्मिणीनं चहा मडगार्डवर ठेवला. तिला स्वतःचं लग्न झालं त्या वर्षीचा पूर आठवला. नदी दोन महिने ओसरली नव्हती, आणि ती माहेरी जाऊ शकली नव्हती. ती हळूच म्हणाली:

*वीज सासराले गेली, माहेराची वाट बुजली,*
*हिरव्या रंगाच्या कवाडी लेक माही अडकली.*

मग घरात जाऊन तिनं पोळीचं उलथनं आणलं. "घ्या. उघडा कवाड."

बोल्ट सैल करून उलथन्यानं टाकीच्या कानाखालचा, बोल्टाजवळचा, रंग खरवडला, खालच्या पट्टीचा खरवडला, लोखंड लोखंडाला भेटलं. जानरावनं किल्ली फिरवली. काटा थरथरला, आणि लाजल्यासारखा खाली खाली येत पाव टाकीवर थांबला. काडी बुडवली. तीही पाव म्हणाली. उलथनं हातात धरून दोघं कितीतरी वेळ त्या काट्याकडे पाहत उभे राहिले, तान्ह्या लेकराकडे पाहावं तसे.

सोमवारी सभेआधी सभापती जीपपाशी आले, आणि ओरडले.

"काटा खाली आला! काल भरलेला होता! पेट्रोल कुठी गेलं बे?"

"साहेब, ते नव्हतंच. मी काटा दुरुस्त—"

"तू हात लावला, अन् पाऊण टाकी गायब! मंजे चोरीबी?"

सदस्य गोळा झाले. बीडीओ साहेब चष्मा पुसत आले. जानराव डगमगला नाही. सीट उचलून टाकीच्या कानाखाली त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा सारला: काटा वर. पुठ्ठा काढला: काटा खाली. पुन्हा सारला: वर. तीनदा केलं. एक म्हातारे सदस्य, भगवंतराव, आयुष्यभर शेतात मोट हाकलेले, म्हणाले, "बाप्पा! हे तं समद्याईले समजलं. काटा लबाड हाय, माणूस खरा हाय."

"प्रश्न तो नाही," बीडीओ साहेब म्हणाले. "प्रश्न हा, की कार्यालयानं कोणता काटा धरायचा."

आणि मग त्या नव्या राज्याच्या नव्या समितीत, लोकशाहीला शोभेल अशा रीतीनं, काट्यावर मतदान झालं. सभापती आधी चार शब्द बोलले. उद्या सोनाळ्याला शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन. पंचक्रोशी जमणार. पाव काट्याची जीप घेऊन गेलो तर तालुक्याची काय इज्जत राहील? लोक म्हणतील, सभापतीच पावशेर आहे. भरलेल्या काट्याच्या बाजूनं सात हात वर गेले. पाव काट्याच्या बाजूनं दोन, त्यातला एक भगवंतरावांचा आणि दुसरा एका गृहस्थांनी जांभई देताना वर केलेला.

ठराव झाला. पुठ्ठा टाकीखाली कायम ठेवावा. जीप उद्या रंगरावनं न्यावी. जानरावनं तीन दिवसांत खोली सोडावी.

"साहेब," जानराव दारातून म्हणाला, "पाव टाकीत सोनाळा गाठता येते, परतता येत नाई. अन् रंगराव पैल्या गिअरात हाकते, तं गाठताबी येनार नाई. चिठ्ठी द्या, पेट्रोल भरून ठेवतो. मंग मले काढा."

"निघ," सभापती म्हणाले.

मंगळवारी जीप निघाली. गोंडा हलत होता, काटा भरलेला होता, रंगराव हॉर्न वाजवत होता. सोनाळ्याच्या अलीकडे कोसभर एक नाला आहे. उतारावर जीप डौलानं उतरली, मध्यावर खोकली, आणि घोटाभर पाण्यात थांबली. रंगरावनं हॉर्न वाजवला. जीप हलली नाही. त्यानं आणखी जोरात वाजवला.

हॉर्न सोनाळ्यापर्यंत गेला. सभापती आले, असं समजून लेझीमवाली पोरं, ताशेवाले, हार घेतलेले लोक सगळे नाल्यावर आले. पाहतात तर सभापती पाण्याच्या मधोमध, भाषण डोक्यावर धरून बसलेले. कुणीतरी बैलजोडी आणली. पोळ्याचे रंग शिंगांवर अजून ताजे होते. साखळदंड जीपला अडकवला, आणि पुढं हिरव्या शिंगांचे बैल, मागं हिरवी जीप, अशी वरात ताशाच्या गजरात गावात शिरली. एका म्हातारीनं बैलांना ओवाळलं, आणि ताटात उरलं म्हणून जीपलाही.

"पेट्रोल सरलं काय, साहेब?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"सरलं कसं? काटा पाह्य, भरलेला हाय," रंगराव म्हणाला. आणि सगळं सोनाळा गाव आळीपाळीनं काटा पाहायला आलं. पाहत आणि तोंडाला पदर, उपरणं, जे असेल ते लावत.

उद्घाटन झालं. भाषणात सभापतींनी नेहमीसारखं, "आपलं राज्य पुढं चाललं आहे," असं म्हटलं. तेव्हा जीपच्या साखळदंडातले बैल घंटा वाजवत चाऱ्याकडे निघाले होते, आणि जीपही त्यांच्यामागून दोन हात गेली.

दुपारी एक सायकलस्वार समितीत पोचला. निरोप तोंडी होता, कागदावर लिहायची हिंमत कुणाला झाली नव्हती: जानरावला पाठवा. डबा घेऊन. आणि काडी घेऊन.

खोलीत रुख्मिणी जात्याचा खुंटा काढून सामान बांधत होती. निरोप ऐकून तिनं खुंटा पुन्हा ठोकला. "जा. पण लवकर जाऊ नोका. बसनं जा, सावकाश."

जानराव पोचला तेव्हा सभापती चिंचेखाली एकटेच बसले होते. त्यानं डबा ओतला, काडी बुडवली, काढली. सभापती उठून जवळ आले. आजूबाजूला पाहिलं, आणि देवळात विचारावं तसं हळू विचारलं, "काय म्हणते काडी?"

"घरी पोचू म्हणते, साहेब."

परतीच्या वाटेवर रंगराव मागं बसला. हॉर्न वाजला नाही. जळगाव जामोद गेल्यावर सभापती म्हणाले, "खोली सोडाची गरज नाई. नोकरीबी तशीच राहू दे. पण त्या पुठ्ठ्याचं कोनाले सांगू नको."

"हाव, साहेब."

"अन् काडी ठेव गाडीत. माहा हुकूम. सगळ्याईच्या देखत घालत जा."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण सभापतींना इज्जत होती, आणि इज्जतीला रात्री झोप येत नाही. उघडी, पांढुरकी, चुलीत घालायची काडी सरकारी जीपमध्ये कशी शोभेल? दुसऱ्या सकाळी त्यांनी शालिग्रामला बोलावलं. संध्याकाळी काडी जानरावच्या हाती आली. हिरवा तेलरंग, दोन हात, टोकाला लाल बोंड, खाचा रंगानं बुजलेल्या. पेट्रोलात बुडवली तर ओल दिसायची सोय उरली नव्हती. वरून खालपर्यंत सारखीच चकाकत होती.

"कशी झाली?" सभापतींनी विचारलं.

"लय देखणी, साहेब," जानराव म्हणाला. दोन्ही हातांनी ती घेऊन त्यानं काट्याच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी टांगली.

मग घरी आला, चुलीपाशी बसला. सरपणाच्या भाऱ्यातून रुख्मिणीनं एक सरळ पऱ्हाटी आधीच निवडून, सोलून ठेवली होती. त्यानं चाकू काढला आणि खाचा पाडायला घेतल्या.