बेचाळीस जुळल्या, एक राहिली

सलाइनच्या नव्या पंपाची कागदपत्रं तपासायला ऑडिटर अकराला येणार होते, आणि दहा वाजता स्क्रीनवर त्रेचाळीस रिक्वायरमेंट लाल दिसत होत्या. पंपाने काय करायला हवं ते लिहिलेलं होतं, पण ते तपासणारी टेस्ट एकीलाही जोडलेली नव्हती.

"ताई, काल तर सगळं हिरवंगार होतं!" मॅनेजरला घाम फुटला होता.

टेस्टर ताईंनी हिस्टरी उघडली. "काल कुणीतरी सगळ्या रिक्वायरमेंट नव्या फोल्डरमध्ये हलवल्या. तेव्हाच लिंक तुटल्या."

"कुणाचा हा शहाणपणा?"

"तुमचंच नाव दिसतंय."

ताईंनी जुने नंबर बघून एकेक लिंक पुन्हा जोडली. साडेदहापर्यंत बेचाळीस हिरव्या झाल्या. शेवटची होती: नळीत हवेचा बुडबुडा आला, तर पंपाने थांबून अलार्म द्यावा. तिची जुनी टेस्ट ताईंनी उघडून वाचली आणि त्यांचा हात थांबला.

"ही तर बॅटरीची टेस्ट आहे. बुडबुड्याची कुणी लिहिलेलीच नाही."

"जोडून टाका हो. कोण उघडून बघतंय?"

ताई उठून लॅबमध्ये गेल्या. मॅनेजर मागोमाग आला. त्यांनी पंप सुरू करून सिरिंजने नळीत हवा सोडली. बुडबुडा सरकत पंपात शिरला आणि दुसऱ्या बाजूने, पेशंटकडे जाणाऱ्या नळीतून, बाहेर पडला. अलार्म वाजलाच नाही.

"पुन्हा करा," मॅनेजर म्हणाला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

ऑडिटर आले, तेव्हा ती लाल ओळ मॅनेजरनेच त्यांना दाखवली. पंप बाजारात यायला दोन महिने उशीर झाला.