गालातले किडे

टप्प.

परातीतल्या पाण्यात काहीतरी पडलं आणि अंगणातली शांतता मोडली. "पडला गं किडा," शेजारची दगडाबाई कुजबुजली. शेवगाव तालुक्यातली ती अख्खी वस्ती माना लांबवून वाकली.

डोक्यावरून घोंगडी घेऊन निकिताची सासू चांगुणा परातीवर ओणवी बसली होती. धुरी देऊन दाढेतले किडे पाडणारा श्रीमंतबाबा तापलेलं उलथनं तिच्या तोंडापाशी धरायचा, त्यावर तेलात भिजवलेलं बी टाकायचा आणि धूर उठला की म्हणायचा, "आ कर माय. गालात सात पिढ्यांचं बिऱ्हाड हाय. आज समद्यांना घर खाली करायला लावतो."

चांगुणाचं तोंड दोन बोटांपलीकडं उघडत नव्हतं. गालात पांढरा चट्टा, मधोमध न भरणारी जखम. दुखलं की ती त्यावरच मिशेरी दाबायची. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड जागा बधिर करायची आणि बाई म्हणायची, लागू पडली. सरकारी दवाखान्याची आशाताई तीनदा सांगून गेली होती, नगरला नेऊन जखमेचा तुकडा काढून तपासा. आज कुठं जायचं ठरलं होतं, तर किडे बघून चांगुणा म्हणाली, "निघाली की घाण. आता कशाला दवाखाना?"

निकिता पुढं झाली. "आत्याबाई, जरा बाजूला सरा. बाबा, आता नुसत्या परातीला धुरी द्या."

"परातीला दाढा असत्यात व्हय, पोरी?"

"न्हाईत. म्हणूनच म्हणते."

बाबा पिशवी आवरू लागला. तिनं सांडलेलं बी वेचून उलथन्यावर टाकलं. तडतड झाली. पाण्यात पांढरे, वळलेले तीन किडे पडले. तिथं ना गाल, ना माणूस. एक बी तिनं नखानं फोडून दाखवलं. आत तोच पांढरा कोंब. "काटेरी रिंगणीचं बी हाय. तापलं की फुटतं, कोंब उडतो."

"देवाची चेष्टा करतीस," बाबा पायताण शोधत म्हणाला.

"देवाला कशाला मधी घालतो रे," दगडाबाई म्हणाली. "बी तुझ्या पिशवीतलं हाय."

गोष्ट ऐकणाऱ्या बायांनो, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, आकसत चाललेलं तोंड म्हणजे किडे नव्हेत. तो कॅन्सर असू शकतो, आणि लवकर सापडला तर बरा होतो. मिशेरी टाका. उजेडात आरसा धरून तोंड उघडून बघा.

चांगुणा नगरला जायच्या टेम्पोत बसली. निकिताच्या मांडीवरची लेक धनश्री आजीकडं बघत राहिली.

"आई, दिवाळीत आजी चिवडा खाईना, तोंड जळतंय म्हनली. तवाच का न्हाई नेलं तिला?"