ज्वारीतली सीडी

भाऊबीजेले भाऊ आला नाई, तर बहिणीनं चंद्राले ओवाळावं अशी आपल्यात रीत आहे. मागच्या दोन दिवाळ्या मी चंद्रालेच ओवाळलं. आता तर मले त्याचा रागच येते. बोलत नाई, चालत नाई, वरतून नुसता पाहून राहते.

माहा धाकटा भाऊ शिवम पुण्यात नोकरीले आहे. यंदा दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. "ताई, तुह्या मोबाइलवर गेम टाकला पाय. आपल्या लहानपणचा, मोटारींचा. तू तेल्हाऱ्यातून खेळ, मी इथून खेळतो. आता त्याच्यासाठी घरी यायची गरजच नाई."

गरजच नाई! माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हनलं, "बयताडा, याले गेम म्हणतात का? आपला गेम सीडीवर होता. एक टीव्ही, दोन रिमोट, अन् हरला की तू माही वेणी वढायचा. मोबाइलमधून वढ बरं वेणी!"

तो हासला. "ते सीडी आता कुठी राहिली असन, ताई?"

"आहे ना. तू ये, मंग लावू."

बोलून तर बसली. घरात पाहते, तर सीडीचा डबा रिकामा! बाबाले इचारलं. ते म्हणे, "ज्वारीत आहे, सीमे. तिची चमक पाहून पाखरं भेतात." यंदा सोयाबीन पावसाविना करपलं होतं. हाती लागली तर थोडीशी ज्वारीच लागणार होती, म्हणून बाबानं घरातल्या साऱ्या सीड्या दोरीनं वावरात टांगल्या होत्या. त्याहिले काय बोलू?

वावरात गेली. पिच्चरच्या, भजनाच्या सीड्या पाहत पाहत एकदाची आपली सापडली. उन्हानं पार पांढरी पडली होती. जुने गेम इकणाऱ्या जहीरभाईकडे नेली. त्यांनी टूथपेस्ट लावून घासली, मशिनीत घालून पाहिली, अन् हळूच म्हणाले, "बेटा, धूप खा गई इसको. अब कुछ नहीं बचा."

घरी येऊन बाबाले सांगतलं, अन् मंग शिवमले फोन लावला. "चालते रे! एकदम मख्खन. निघ आता."



भाऊबीजेच्या दुपारी पोट्टं दारात उभं! बॅग ठेवायच्या आधीच म्हणे, "लाव सीडी."

"आधी जेव."

जेवला. "आता लाव."

"आधी ओवाळू दे."

ओवाळलं. मंग काही बहाणाच उरला नाई. टीव्हीच्या गेम-मशिनीत सीडी घातली. टीव्ही काळा तो काळाच. मले रडूच फुटलं. "शिवम, मी खोटं बोलली रे. ते बंद आहे."

"मले मालूम आहे. बाबानं तवाच सांगतलं होतं."

"मंग कावून आला?"

"तुले खोटं बोलता येत नाई, ताई. तरी बोलली. म्हनलं, आता जायलेच पायजे."

अन् माही वेणी वढली त्यानं, चांगली जोरात. मीबी एक धपाटा ठेवून दिला.

"मोबाइलवर खेळू का मंग?" माहे डोळे पुसत त्यानं इचारलं.

"तू पुण्याले गेला की खेळू. आज नाई."

दिवस बुडता बुडता आमी दोघं वावरात ते सीडी परत टांगून राहिलो होतो. वर चंद्राची बारीक कोर निघाली होती. शिवमनं दाखवली, पण मी तिच्याकडे पाहिलंच नाई.