धूर गेल्यावर

खोली दहा फूट बाय बारा, उंची साडेनऊ. दार एक, बंद. सरकती खिडकी एक, बंद. तिच्या फटीत कोंबलेल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या चार. वरच्या झडपेवर खळीने चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे थर दोन. माणसं चार: बाजेवर रंजिताताई, तिच्या कुशीत अकरा दिवसांची मुलगी, पायाशी रंजिताताईची आई मालतीकाकी आणि स्टुलावर मी. बाजेखाली लोखंडी शेगडी. तिच्यातले निखारे मी मोजले, सतरा. धूर अजिबात नव्हता.

मी तिथे तासभर बसले. आमचं घर वरच्याच मजल्यावर, मधे अठरा पायऱ्या. अकराव्या पायरीवर माझं डोकं ठणकायला लागलं.

रंजिताताई आठवडाभर हेच सांगत होती. "चारू, कपाळावर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं गं." डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. काकींनी दोनदा दृष्ट काढली होती. बाळाबद्दल मात्र कुणाचीच तक्रार नव्हती. "गुनाची पोर हाय," काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "रडनं म्हनून नाय. दूध पाजायला उठवावी लागते."

ते वाक्य आठवलं आणि मी जिन्यातच थांबले.

काकी करावे गावच्या. वर्षभरापूर्वी त्यांचा मुलगा कुंदनदादा याने नेरूळच्या आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला, आणि रंजिताताई बाळंतपणाला या नव्या माहेरी आली. गावात बाळंतिणीच्या बाजेखाली सव्वा महिना शेगडी ठेवतात. सकाळी मालिशनंतर दोन तास, दुपारी चारला दीड तास. पहिल्या दिवशी सगळा मजला खोकला. सोसायटीची माणसं तक्रार घेऊन आली, तेव्हा मधे पडले मी. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दीड वर्ष नोकरीला. "काकी, शेगडी गॅलरीत पेटवा," मी म्हटलं होतं. "धूर गेला, कोळसे लाल झाले, की आत आणा." सगळ्यांना पटलं. मलाही.

कोळसा म्हणजे बहुतांशी कार्बन. हवा भरपूर असली की जळताना एका कार्बनला दोन ऑक्सिजन मिळतात, आणि जो वायू होतो तो आपण प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर टाकतो. हवा कमी पडली की एकच ऑक्सिजन मिळतो. त्या दुसऱ्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरून ठेवतं. धूर येतो तो कोळशात राहून गेलेल्या लाकडाचा. धूर संपला म्हणजे हा वायू संपला असं मुळीच नाही. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पूर्ण गुण मिळवले असते.

मी तशीच खाली गेले आणि खिडकी उघडली. काकींनी ती बंद केली.

"वारा लागंल तिला. खाडीवरचा वारा हाय यो, जानेवारीचा."

"काकी, शेगडीतून विषारी वायू येतो."

"कंदी येतो? आमाला तं नाय दिसला."

"तो दिसत नाही."

"मंग तुला कसा दिसला?" दारातून कुंदनदादा हसला. "चारू, कंपनीतलं टेन्शन कंपनीत ठेवायचं हां."

साडेपाचला शेगडी बाहेर गेली. पुढची सकाळी आठला. माझ्या हातात साडेचौदा तास होते.

मला घरात बसवेना. वाटी परत द्यायला गेले, कढीलिंब मागायला गेले, पेपर मागायला गेले, आणि दर वेळी येताना खोलीचं दार मुद्दाम उघडं टाकून आले. आमच्या गॅलरीतून वाकून पाहिलं की त्यांची खिडकी दिसते. बंद. शेवटी रिक्षा करून तुर्भ्याला गेले. सेफ्टी विभागातले पंढरीकाका दुसऱ्या पाळीला होते. त्यांनी हवेतला हा वायू मोजायचा हातपंप दिला आणि त्यात बसवायच्या काचेच्या नळ्यांचा खोका उपडा केला. नळ्या तीनच होत्या.

"उद्या परत. आणि उगाच फोडू नकोस," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "परवा दिलास तरी चालेल."

सकाळी पावणेआठला मी खाली हजर. रंजिताताईने बाळाला घेऊन अर्धा तास हॉलमध्ये बसावं, एवढंच मागितलं.

"बालंतीन हॉलमदी? डोकं फिरलं काय गो तुजं?"

"बसू दे गं आई," कुंदनदादा म्हणाला. "हिची पिचकारी काय बोलते ते तरी बघू."

रोजच्यासारखी शेगडी बाजेखाली ठेवली, दार लावलं. अर्ध्या तासाने मी आत शिरले. नळीची दोन्ही टोकं मोडली, पंपात बसवली, उशीच्या उंचीवर धरली. पंप दहा वेळा दाबायचा. दर वेळी तो सावकाश फुगतो आणि शंभर मिलिलिटर हवा नळीतून ओढतो. मी बाहेर आले तेव्हा आतले पांढरे कण तपकिरी-हिरवे झाले होते. रंग दीडशे पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दीडशेच्या, रेघेपुढे जाऊन दोनशेच्या थोडा अलीकडे थांबला होता.

"कारखान्यात पन्नासला भोंगा वाजतो," मी म्हटलं. "आणि तिथे धडधाकट पुरुष असतात."

कुंदनदादाने नळी उजेडात धरली. त्याचं हसू गेलं. काकींचं मात्र समाधान झालं नाही. "धूर लागला का रंग बदलनारच. माज्या देवापुढं बग, धूपाचा धूर हाय का नाय? तितं लाव तुजी नली."

शंका रास्त होती. हॉलची खिडकी उघडी होती, देव्हाऱ्यातला धूप चांगलाच धुमसत होता. मी दुसरी नळी मोडली. दहा वेळा पंप दाबला. दोनदा खोकले. कण पांढरेच राहिले.

काकींनी दोन्ही नळ्या पदरावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"मना पाच पोरं झाली. पाची टायमाला शेगडी. आमी कशी नाय मेलो?"

मी पंप खाली ठेवला.

"आन् तूच बोललीस ना, धूर गेला का आत आना?"

"हो. मी चुकले, काकी. मला माहीत होतं आणि तरी मी तसं सांगितलं."

"शिकलेली पोरगी, आन् चुकलीस?"

"चुकले."

बाळ आईच्या मांडीवर झोपलेलंच होतं. काकींनी त्याच्या तळपायाला टिचकी मारली. त्याने पाय जरासा ओढला, डोळे उघडले नाहीत. काकींनी दुसरी टिचकी मारली. मग त्या एकदम उठल्या, खोलीचं दार उघडून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि वर पाहू लागल्या. वर सपाट, पांढरा रंग दिलेला स्लॅब होता.

"गावच्या घराला कौलं होती," त्या म्हणाल्या. "बाजंवर परून चांदन्या दिसायच्या. कुडाच्या भोकांतून मांजर जायचं." त्या वळल्या. "कुंदन, शेगडी उचल. ती खिरकी उघड पयली. बघतोस काय?"

चिंध्या त्यांनीच उपसल्या. झडपेवरचा कागद कुंदनदादाने उलथन्याने खरवडून काढला. मग तो दोघींना रिक्षाने डॉक्टरांकडे घेऊन गेला. पहिली नळी खिशात घेऊन गेला. डॉक्टरांनी थोडा वेळ ऑक्सिजन लावला, बाळाला नीट तपासलं, आणि शेगडी पुन्हा आत दिसता कामा नये म्हणून बजावलं.

"मंग शेक कशाने द्यायचा?" काकींनी मला विचारलं. मी गरम पाण्याची रबरी पिशवी सुचवली. "ती दवाखान्याची," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या सासऱ्यांचं मिठागर होतं. जाड्या मिठाची अर्धी गोणी अजून घरात होती. खिडकी उघडी ठेवून त्यांनी गॅसवर कढईत मीठ तडतडेपर्यंत तापवलं, लुगड्याच्या त्याच चार चिंध्यांत बांधलं आणि पुरचुंड्या मनगटाला लावून बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खोलीत शेगडी नव्हती. पुरचुंड्या चार, दोन पाठीशी, दोन पायांशी. खिडकी काकींच्या हिशोबाने दोन बोटं उघडी होती. मोजण्यापुरती मी ती बंद करायला लावली, दारही लावलं. अर्धा तास थांबले. शेवटची नळी मोडली.

बाळ पहिल्याच दाबाला रडायला लागलं. असं रडलं की मी अंक विसरले.

"दोन," काकी मोठ्याने म्हणाल्या. "तू पंप दाब गो. मी मोजते."

तीन, चार, पाच. रंजिताताईने त्याला छातीशी घेतलं. ते सोडून पुन्हा रडलं, पुन्हा लागलं. सहा. सात. आठ. काकी बोटांची पेरं धरून माझ्या हाताकडे बघत होत्या. नऊ.

"धा."

मी नळी खिडकीपाशी नेली. कण पांढरे. दहा पीपीएमपेक्षा कमी.