एकाच हाताचे अर्ज

चौथा अर्ज हातात आला तेव्हा कारकुनाच्या मनात पाल चुकचुकली. अकरावा आला तेव्हा त्याने खणातून आधीचे दहा काढले, पत्ते मांडावेत तसे टेबलावर मांडले आणि ऑफिसचे दार लोटून घेतले.

मजकूर सगळ्यांचा एकच होता. 'माझ्या पाल्यास शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.' त्यात नवल नव्हते. दाखल्याच्या अर्जात कोणी कविता लिहायला बसत नाही. नवल होते ते 'ळ'चे. 'शाळा'तला ळ आणि 'मिळावा'तला ळ. डावा डोळा मोठा, उजवा बारीक, आणि दोहोंच्या मध्ये दोरीला मारावी तशी एक छोटी गाठ. अकरा अर्ज, अकरा निरनिराळ्या सह्या, बावीस ळ, आणि बाविसांनाही गाठ. हे सगळे एका हाताने लिहिले आहे, असे कारकुनाने ठरवून टाकले. कारकुनाला ठरवायला वेळ लागत नसे. बायको म्हणायची की लग्नाच्या बोलणीतसुद्धा या माणसाने तिच्या वयाचा दाखला मागितला होता, आणि तो खरा आहे का हे दोनदा विचारले होते.

त्या वर्षी सरकारने कूपन काढले होते. मुलाच्या शिक्षणावर होणारा सरकारी खर्च आता कूपनाच्या रूपाने आईबापांच्या हातात मिळायचा, आणि ते कूपन सरकारी शाळेत द्या नाहीतर खासगी शाळेत, ज्याची त्याची मर्जी. मूल गेले की त्याच्यामागून पैसाही जायचा. शिक्षकांच्या खोलीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. हेडसर म्हणत, हा सरकारी शाळांच्या गळ्याला नख लावायचा बेत आहे. एका मुलाचा पैसा गेला म्हणून छप्पर काही एका मुलापुरते कमी गळत नाही. गणिताचे तरुण मास्तर हळूच म्हणत की गरिबाला निवड करता आली तर बिघडले कुठे. शिपाईमामा चहाचे कप उचलता उचलता म्हणाले, न्हावी बदलता येतो, दवाखाना बदलता येतो, मग शाळेनेच काय घोडे मारलेय? सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले तशी मामा कप घेऊन सटकले.

आणि रस्त्यापलीकडे, जिथे पूर्वी फर्निचरचे शोरूम होते, तिथे एक खासगी शाळा उघडलीसुद्धा होती. मोठ्या काचेमागे सोफे असायचे तिथे आता बाके दिसत. दारावर टोपीवाला वॉचमन होता. कारकून रोज खिडकीतून त्या काचेकडे बघायचा, आणि काच जितकी स्वच्छ तितका त्याचा संशय वाढायचा.

तर अकरावा अर्ज आला त्याच दिवशी तो एक नोटीस घेऊन पहिलीच्या वर्गात गेला. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांची बत्तीस वर्षे याच वर्गात गेली होती. आणखी तीन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. त्या मुलांना सांगत होत्या, "मोठा डोळा आईचा, बारका डोळा बाळाचा. आणि ही मधली गाठ म्हणजे आईने धरलेला हात. सोडायचा नाही." फळ्यावर हातभर उंचीचा ळ होता. गाठीसकट.

कारकून नोटीस द्यायचीच विसरला.

मग त्याने पाळत ठेवली. शाळा सुटली की बाई बसथांब्यावर जायला डावीकडे वळत. पण आठवडाभर त्या उजवीकडे वळत होत्या, पालकांच्या गल्लीत. एके दिवशी तर त्या थेट शोरूमच्या दाराशी दिसल्या, वॉचमनशी बोलताना. काचेच्या आतून कोणीतरी बाहेर आले आणि बाईंना आत घेऊन गेले. कारकुनाने घड्याळ पाहिले. वीस मिनिटे. एवढ्यात सगळे चित्र त्याच्या डोक्यात जुळून गेले: बाईंना निवृत्तीनंतर तिकडे नोकरी हवी आहे, आणि रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून त्या पोरे घेऊन जाणार आहेत. घरोघरी बसून अर्ज त्याच लिहून देत आहेत.

हेडसरांना त्याने हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. गेले पंधरा दिवस वरून फोन येत होते की तुमच्याच शाळेतून एवढी मुले का जाताहेत, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हते. आता उत्तराला नाव मिळाले होते. लेखी द्या, ते म्हणाले. कारकुनाने लिहिले, 'असा संशय आहे की.' हेडसरांनी ते वाचून पेन पुढे केले.

"संशयावर कोणी चौकशी लावत नाही. 'दिसून आले आहे' लिहा."

कारकुनाने 'संशय' खोडले आणि कोरा कागद घेऊन 'दिसून आले आहे' असे लिहून खाली सही केली. तक्रार त्याच दुपारी गेली. चौकशी चालू असलेल्या माणसाचे पेन्शनचे कागद जागचे हलत नाहीत, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. बाईंचे कागद त्याच्याच कपाटात, वरून दुसऱ्या फाईलमध्ये होते. एकदा अडकले की तीन महिने काय, तीन वर्षे अडकतात. आणि बाईंच्या मागे-पुढे कोणी नव्हते, एक अंथरुणाला खिळलेली थोरली बहीण सोडली तर. कपाटाला कुलूप घालताना त्याने स्वतःला समजावले की आपण काही वाकडे केलेले नाही. जे दिसले ते लिहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लॉन्ड्रीत कपडे टाकायला गेला. लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री उभी केली, पावतीपुस्तक ओढले, दोन ओळी खरडल्या आणि चिठ्ठी फाडून दिली. 'शर्ट ३. सोमवारी मिळेल.'

कारकुनाने चिठ्ठी दिव्याखाली धरली. मोठा डोळा, बारका डोळा, मध्ये गाठ.

"हे कोणी लिहिलं?"

"आता तुमच्यासमोर लिहिलं की, काका. का, शर्ट चार होते?"

शर्ट तीनच होते. कारकुनाने विचारले की हा ळ असा काढायला कोणी शिकवले. लॉन्ड्रीवाला हसला. कोणी म्हणजे? बाईंनी. या गल्लीत ज्याला लिहिता येते त्या प्रत्येकाला बाईंनीच शिकवले. त्याच्या पोराचाही अर्ज होता, सतरावा; आदल्या दिवशीच आला होता. तो त्याने स्वतःच लिहिला होता, आणि चार वेळा लिहिला होता, कारण बाईंच्या शाळेत वेडेवाकडे अक्षर पाठवायची लाज वाटली.

कारकुनाने मग जरा तिखट होऊन विचारले की एवढी लाज वाटते तर पोराला काढतोस कशाला. लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री पुन्हा हातात घेतली आणि बराच वेळ एकाच कॉलरवरून फिरवली. म्हणाला, दोन वर्षे झाली, विज्ञानाला मास्तर नाही. सरकारचा पैसा म्हणजे तुमचाआमचाच. तो आमच्या हातात पहिल्यांदा आलाय. तिकडे चांगले असेल की नाही, देव जाणे. काच छान आहे एवढे खरे.

"आणि बाई आल्या होत्या का तुझ्याकडे?"

"आल्या होत्या ना. उभ्यानेच बोलल्या, बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, काढू नकोस रे पोराला. मी म्हटलं, बाई, पुढच्या वर्षी तुम्ही आहात का?" इस्त्री थांबली. "त्या तशाच पुढच्या घरी गेल्या."

घरी जाताना कारकून रमतगमत नाही, पाट्या वाचत गेला. 'सायकल भाड्याने मिळेल.' गाठ. 'गाळा विकणे आहे.' गाठ. दवाखान्याच्या दारावर 'सकाळी ९ ते १२', गाठ. सव्वीस वर्षे तो या रस्त्याने जात-येत होता. पण तो दुसऱ्या गावातून नोकरीला आलेला, दुसऱ्या शाळेत शिकलेला; त्याचा ळ बिनगाठीचा होता, आणि दुसऱ्यांचे ळ बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

सकाळी तो धावतपळत हेडसरांकडे गेला तर ऑफिसात आधीच चौकशी अधिकारी येऊन बसले होते. समोर अर्जांचा गठ्ठा, तेवीस झाला होता. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, बोटांना खडू. अधिकाऱ्यांनी त्यांना अर्जातलीच ओळ कागदावर लिहायला सांगितली होती. बाईंनी लिहून कागद पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी तो अर्जांशेजारी ठेवला, चष्मा वर केला, खाली केला.

"हुबेहूब," ते म्हणाले.

हेडसरांनी मान हलवली. तरी कारकून म्हणाला, "साहेब, तक्रार चुकीची आहे."

त्याने लॉन्ड्रीची चिठ्ठी काढली, पाट्यांचे सांगितले, पण सगळे मागचे पुढे आणि पुढचे मागे. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले. मग तक्रारीवर बोट ठेवले.

"इथे तर 'दिसून आले आहे' म्हणताय."

"दिसलं नव्हतं, साहेब. संशय होता."

"परवा तक्रार, आज माघार. मध्ये तुमच्या दोघांचं काही ठरलं वाटतं?"

कारकुनाला वाटले, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच विचारले असते. बाईंनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. तक्रारीखाली सही कोणाची आहे, हे त्यांना तोवर सांगितलेले नव्हते. त्यांनी हातावरचा खडू रुमालाला पुसला.

"ते अर्ज द्या इकडे," त्या म्हणाल्या. "सह्या झाका."

अधिकाऱ्यांनी मुलांच्या नावावर वही आणि सहीवर फूटपट्टी धरून एकेक अर्ज पुढे करायला सुरुवात केली.

"हा प्लंबर. पेन्सिल एवढी दाबायचा की कागद फाटायचा. मागे हात फिरवून बघा, उमटलंय. ही शिवणकामवाली. पहिलीत तिचा उजवा हात मोडला होता, डाव्याने शिकली, म्हणून गाठ उलटी पडते. हा लॉन्ड्रीवाला. आधी वरची रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरं टांगतो. सहाव्या वर्षीसुद्धा असंच करायचा, तेव्हा बापाचं दुकानही नव्हतं."

अधिकारी दरवेळी फूटपट्टी काढून बघत आणि दुसरा अर्ज घेत. मध्येच बाईंची दोन भावांमध्ये गफलत झाली, एकाचा अर्ज दुसऱ्याच्या नावावर गेला. बाकी एकवीस बरोबर निघाले. जिथे कारकुनाला एक हात दिसला होता, तिथे बाईंना तेवीस दिसत होते.

"मग यामागे आहे तरी कोण?" अधिकाऱ्यांनी विचारले. ते जरा नाराजच झाले होते.

"कोणी नाही. त्यांना जायचंय."

हेडसर खुर्चीत सरसावले. म्हणाले, आणि शोरूममध्ये वीस मिनिटे? ते कशासाठी होते, तेही होऊन जाऊ दे.

"तिकडे पहिलीला अक्षर कोण शिकवणार ते विचारायला गेले होते. म्हणाले, टॅबवर असतं. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही येता का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"निवृत्तीनंतरचं निवृत्तीनंतर ठरवीन म्हटलं. ते तुमच्या चौकशीत येत नाही."

अधिकाऱ्यांनी वही मिटली. तक्रारदाराने आजच्या आज माघारीचे पत्र लेखी द्यावे, म्हणजे बाईंची फाईल मोकळी होईल, असे सांगून ते उठले. हेडसर त्यांना पोहोचवायला फाटकापर्यंत गेले. जाताना कारकुनाला हळूच म्हणाले, आता फोन आला की तुम्हीच घ्या.

खोलीत दोघेच राहिले. बाई पत्राची प्रत घेण्यासाठी थांबल्या होत्या. कारकून लिहायला बसला. मनात जे यायला नको होते, तेच आले: बाईंनी इतके भराभर कसे ओळखले, अर्ज आधी पाहिले तर नसतील? त्या दोन भावांची गफलतही मुद्दाम केली नसेल? त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटली की मान वर करवेना. त्याने लिहिले, 'सदर तक्रार मी गैरसमजूतीने केली असून ती मागे घेत आहे,' सही केली, आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

"बाई, माझं चुकलं."

बाईंनी कागद वाचला. पर्समधून लाल पेन काढले आणि एका अक्षराभोवती गोल केला.

"समजूत दीर्घ. समजुतीने ऱ्हस्व," त्या म्हणाल्या. "पुन्हा लिहा. फाईलला लागायचंय. मी वर्गात आहे."